पत्र्याच्या पेटीवरचा वर्ग

"ऐकू येतंय का?" हा प्रश्न मी गेल्या वर्षी जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा आयुष्यात दुसरं काही विचारलं नसेल. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, कपाटाकडे पाठ करून, लॅपटॉपखाली दोन जाडजूड पाठ्यपुस्तकं ठेवून मी बसायची आणि साठ काळ्या चौकोनांना विचारायची, "ऐकू येतंय का? दिसतंय का?" उत्तर म्हणून खालच्या गल्लीतून भंगारवाला ओरडायचा. त्याचं मात्र मला स्वच्छ ऐकू यायचं.

साथीच्या दिवसांत सगळ्यांनीच असं शिकवलं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तेव्हा इलाजच नव्हता. पण साथ गेली, वर्ग भरू लागले, मी लॅपटॉप धुवून पुसून कपाटात टाकला आणि सुटले म्हणून देवाला साखर ठेवली. तर गेल्या वर्षी कॉलेजची एक बाजू दुरुस्तीला काढली, खोल्या कमी पडल्या, आणि प्राचार्यांनी ठरवलं की पहिल्या वर्षाचा अर्थशास्त्राचा पेपर पहिल्या सत्रात ऑनलाइन घ्यायचा. तो पेपर माझा. पंचवीस वर्षं खडूनं हात पांढरे केलेल्या बाईला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते, मला चहा विचारला नाही.

वर आम्हाला प्रशिक्षण दिलं. ऑनलाइन शिकवणं परिणामकारक कसं करावं, यावर एक गोरागोमटा तरुण दोन दिवस बोलला. दर दहा मिनिटांनी प्रश्न विचारा. मुलांना नावानं हाक मारा. कॅमेऱ्याची सक्ती करू नका, त्यांच्या घरची अडचण असते. व्याख्यान छोटं ठेवा, मुलांचे लहान गट करून त्यांना आपसात बोलू द्या, आणि तुम्ही हळूच गटागटांत डोकावून या. सगळं ऐकायला गोड होतं. मी विचारलं, "मुलं बोललीच नाहीत तर?" तो म्हणाला, "बोलतील की मॅडम, तुम्ही वातावरण निर्माण करा." एवढं बोलून तो पुढच्या पानावर गेला.

मी वातावरण निर्माण केलं. म्हणजे जे सांगितलं ते सगळं इमानेइतबारे केलं, आणि प्रत्येक गोष्ट माझ्याच तोंडावर आपटली. दर दहा मिनिटांनी प्रश्न विचारला, तर दर दहा मिनिटांनी शांतता. नावानं हाक मारली, तर तो चौकोन गायबच व्हायचा आणि पाच मिनिटांनी परत येऊन लिहायचा, "नेट गेलं होतं मॅडम." त्यांचं नेट माझ्या प्रश्नाची वाट बघत दबा धरून बसलेलं असायचं. विनोद सांगितला, कोणी हसलं नाही. वर्गात शिकवताना मला समोरची कपाळं वाचायची सवय. तिसऱ्या बाकावरच्या एकाची भुवई चढली की मी समजायची, गाडी रुळावरून घसरली, परत मागे चला. इथे भुवईच नाही तर वाचू काय?

नवऱ्याला माझा वैताग म्हणजे करमणूक. त्याचं नव्या पेठेत चादरी-टॉवेलांचं दुकान. तो जेवताना म्हणायचा, "आमच्याकडं गिऱ्हाईक आधी तोंड दाखवतं, मग मी माल उलगडतो. तू आधीच सगळा माल उलगडून बसतेस आणि दुकानात गिऱ्हाईकच न्हाई." मी त्याला वाढायचं थांबवायची. पण बोलत होता ते खरं होतं.

माझा राग मी पोटात ठेवला नाही. कॉलेजातल्या प्रत्येक बैठकीत मी उभी राहायची. हा पेपर वर्गातच झाला पाहिजे, ही मुलांची फसवणूक आहे, आपण हवेशी बोलतोय, दुसऱ्या सत्रात मला चार भिंती द्या, मग त्या गोठ्याच्या असल्या तरी चालतील. सहकारी आधी माना डोलवायचे, पुढे पुढे मी उभी राहिले की घड्याळ बघायला लागले. प्राचार्य म्हणायचे, "तुमचं म्हणणं वर कळवलंय." मी ते कधी खरं मानलं नाही.

वर्गात एक मात्र बरं होतं. मैंदर्गीकडची सात-आठ मुलं होती, ती कधी गैरहजर नसायची. एकाच गावची, एकाच दिवशी प्रवेश घेतलेली, त्यामुळे त्यांचे हजेरीचे क्रमांकही पाठोपाठ. नाव घेतलं की मुलींचा आवाज यायचा, "येस मॅडम." मुलं लिहायची, "हजर." मी दुसऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायची. बघा, अक्कलकोटच्याही पलीकडून, जिथे रेंज यायला झाडावर चढावं लागतं तिथून ही मुलं रोज येतात, आणि तुम्हाला सोलापुरात बसून जमत नाही! एकदा पावसाळ्यात मैंदर्गीच्या सगळ्या मुलींचा घसा एकाच दिवशी बसला. मी म्हटलं, गावात साथ दिसते. आणि सगळ्यांना हळद-दूध प्यायला सांगितलं.

तर एके दिवशी धडा होता संधी खर्चाचा. अर्थशास्त्रातली सोपी गोष्ट आहे. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते, आणि जी सोडली ती निवडलेल्या गोष्टीची खरी किंमत. मी पुस्तकातलं उदाहरण दिलं, एका शेतकऱ्यानं गहू पेरला तर हरभऱ्याचं उत्पन्न बुडालं. नेहमीप्रमाणे विचारलं, "कळलं का?" नेहमीप्रमाणे स्मशान. मग मला त्या गोऱ्यागोमट्या तरुणाची आठवण झाली आणि मी रागारागात चार-चारचे गट पाडले. म्हटलं, बसा आता आपसात बोलत. आपापल्या घरातलं एकेक उदाहरण शोधा.

आणि सांगितल्याप्रमाणे हळूच डोकावायला निघाले. पहिल्या गटात चौघे मुके. दुसऱ्या गटात कोणी तरी भजी तळत होतं. तिसरा गट मैंदर्गीचा. आत पाऊल टाकलं आणि कानात शिट्टी घुसली. एकाच खोलीत दोन-तीन फोनांचे माइक चालू असले की ते एकमेकांचा आवाज पकडून किंचाळतात, तशी. मी हेडफोन काढून फेकणार, तेवढ्यात शिट्टी बंद झाली आणि मला एक चौकोन उजळलेला दिसला. कोणाचा तरी फोन खिडकीत चार्जिंगला उभा करून ठेवला होता, आणि त्याचा कॅमेरा चुकून चालू झाला होता.

साधी खोली होती. भिंतीला लागून एक पत्र्याची पेटी, तिच्यावर घडी घातलेली वाकळ, आणि वाकळेला टेकवून ओळीनं उभे केलेले सहा-सात मोबाईल. गिरणीत लोक जोंधळ्याचे डबे रांगेत ठेवून आपापल्या कामाला जातात ना, तसे. मालक कोणी जागेवर नाही. पलीकडे खाटेवर एक बाई आडवी होती, तिचा एक हात निर्जीव पडलेला. आणि खाटेच्या कडेला एक मुलगी बसून तिला चमच्यानं पेज भरवत होती आणि बोलत होती.

बोलत होती माझा धडा. अर्धा कन्नडमध्ये, अर्धा मराठीत. आमच्या घरात स्वयंपाकघरात कन्नड आणि बाहेरच्या खोलीत मराठी चालतं, त्यामुळे मला शब्दन् शब्द कळत होता. गहू-हरभरा तिनं केव्हाच बाजूला ठेवला होता. ती आईला सांगत होती की, बघ अव्वा, मी आता तुला पेज भरवते आहे, एवढ्या वेळात माझी भांडी घासून झाली असती. तर ही पेज तांदळाची नाही, ही पेज त्या न घासलेल्या भांड्यांची. त्यालाच मॅडम संधी खर्च म्हणतात. तिळीतेनु? कळलं का?

आईनं तोंडाचा एक कोपरा हलवून काही तरी म्हटलं. मुलगी खळखळून हसली. "न्हाई न्हाई, तू खर्च न्हाईस ग. भांडी खर्च हायत."

मी आवाज न करता त्या गटातून बाहेर पडले. पाच मिनिटांनी गट मोडले, सगळे परत आले. हजेरी घेतली. मैंदर्गीच्या मुलींनी एकेक करून सांगितलं, "येस मॅडम." आता मला कळत होतं की प्रत्येक वेळी ती पेटीसमोर एक पाऊल सरकत असणार आणि पुढचा फोन उचलत असणार.

मला काय वाटलं ते सांगायचं तर आधी संताप आला. तिचं कौतुक, दया वगैरे नंतरचं. मी काय मूर्ख होते? ज्यांचे दाखले देत होते, ज्यांना हळद-दूध सांगत होते, ते सगळे एकीच्या घशात राहत होते. तास संपल्या संपल्या मी यादीतल्या मैंदर्गीच्या पहिल्या नंबराला फोन लावला, तिनंच उचलला.

"किती फोन आहेत तुझ्याकडे?"

तिनं आधी मोजले. मग म्हणाली, "माझा धरून आट हायत मॅडम."

"बाकीचे कुठे असतात?"

"कुनी रानात, कुनी दुकानावर. एक जन टमटम चालवतंय. मी कायम घरातच असते की. अव्वाला सोडून कुटं जाता येत न्हाई. मग सकाळी जाताना हितं फोन ठेवून जात्यात, आन् सांजच्याला न्ह्यायला आले की मी समद्यास्नी धडा सांगते."

"ही हजेरीची चोरी आहे, कळतं का तुला? तुमचं सगळ्यांचं वर्ष जाईल."

"व्हय मॅडम," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "हजेरीची हाय. धड्याची न्हाई. कुनाला बी इचारून बघा."

हे उद्धट होतं. मी फोन ठेवला आणि संध्याकाळी मुद्दाम बाकीच्यांना एकेकाला फोन लावून विचारलं. संधी खर्च म्हणजे काय? टमटमवाल्यानं सांगितलं, "एका फेरीत अक्कलकोटचं शीट घेतलं की दुधनीचं जातंय, ते गेलेलं शीट." दुसरीनं सांगितलं, तिसऱ्यानं सांगितलं. प्रत्येकाचं उदाहरण वेगळं आणि प्रत्येकाचं बरोबर. साठ जणांच्या वर्गात ज्यांना माझा धडा समजला होता ते हेच, आणि यांतल्या एकीखेरीज कोणी तो माझ्या तोंडून ऐकलाच नव्हता. यावर हसावं की लॅपटॉप खिडकीतून टाकावा, मला कळेना. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे तू होलसेलवाली. रिटेल तिचं." त्या दिवशी मी त्याला खरोखरच वाढलं नाही.

पण रात्रभर डोक्यात घोळत राहिलं ते वेगळंच. मी सहा महिने ज्यासाठी भांडत होते त्याचा पुरावा माझ्या हातात आला होता. ऑनलाइन वर्गात एकच मुलगी आठ जणांची हजेरी लावते, हे बैठकीत नुसतं सांगितलं असतं तरी प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी तो प्रकार बंद केला असता. मला चार भिंती मिळाल्या असत्या, फळा मिळाला असता, भुवया मिळाल्या असत्या. आणि ती मुलगी घरी बसली असती. अर्धांगवायू झालेल्या आईला टाकून ती रोज एसटीनं सोलापूरला येणार नव्हती. तिचं कॉलेज म्हणजे ती पेटी. जी गोष्ट मला नरकासारखी वाटत होती, तिच्यातूनच ती आत आली होती, दुसरं दार तिला नव्हतं.

सत्र संपताना बैठक झाली. प्राचार्यांनी विषय काढला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता ही उठणार, आता अर्धा तास गेला. मी उठले. म्हटलं, "ऑनलाइन पेपर चालू ठेवावा असं माझं मत आहे."

शेजारच्या सहकाऱ्याचा चहा कपातून बशीत आला.

"मॅडम," प्राचार्य म्हणाले, "तुम्हीच तर सत्रभर..."

"मत बदललं. काही मुलांना घरातून निघता येत नाही. त्यांच्यासाठी निदान हा एक पेपर राहू द्या."

प्राचार्यांनी चष्मा काढला. तक्रार ऐकून घ्यायची असली की ते चष्मा काढतात. म्हणाले, "पण तुमचं म्हणणं वर कळवलं होतं ना मी. मान्य झालं. दुरुस्ती पण संपली. वेळापत्रक लागलंय, खोली मिळालीय तुम्हाला. नवीन फळा आहे." आणि जरा हसून म्हणाले, "तुमच्या चिकाटीला यश आलं म्हणायचं."

आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणी ऐकलं होतं, आणि तेही नेमकं हेच. मी वाद घातला. एखाद्या मुलीला घरून तास ऐकू द्या म्हटलं. ते म्हणाले, नियमात नाही, एकीला दिलं तर साठ जण मागतील. मग हजेरीचं काय? ते म्हणाले, हजेरी नसेल तर तिनं नाव काढावं आणि बाहेरून परीक्षा द्यावी. बाहेरून परीक्षा म्हणजे कॉलेज नाही, शिक्षक नाही, पुस्तक आणि नशीब. मी इतकी चिडले की बैठक सोडून निघाले, आणि चप्पल दुसऱ्याच कोणाची तरी घालून घरी आले.

तिला कळवायचं काम मलाच करावं लागलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बरं मॅडम," आणि फोन ठेवला. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या सत्राचा पहिला तास. नवी खोली, रंगाचा वास, हिरवा फळा, आणि बाकांवर जिवंत चेहरे. ज्यासाठी झुरले ते सगळं समोर होतं आणि मला आत शिरावंसं वाटत नव्हतं. मैंदर्गीची मंडळी एसटी चुकल्यामुळे उशिरा आली, घामाघूम होऊन पहिल्याच ओळीतल्या बाकांवर बसली. आठवी जागा मोकळी. मी हजेरी घेतली. तिचं नाव आलं तेव्हा सवयीनं घेतलं. मी तिथे काही लिहिलं नाही, तो रकाना अजून तसाच आहे आणि त्याच्यावरून माझं प्राचार्यांशी भांडणही अजून चालू आहे.

मग मला पहिल्या बाकावर मोबाईल दिसला. जेवणाच्या डब्याला टेकवून उभा केलेला, तोंड फळ्याकडे. वर्गात मोबाईल आणायचा नाही हा कॉलेजचा नियम, आणि तो पाळायला लावण्यात माझा हात कोणी धरत नाही. माझ्या टेबलाच्या खणात एका वेळी पाच-पाच मोबाईल जमा असायचे. मी हात पुढे केला.

"कोणाचा आहे हा?"

टमटमवाला उभा राहिला. "माझाच हाय मॅडम."

"मग खिशात का नाही?"

त्यानं मान खाजवली. बाकीच्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "ती आत हाय की."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. खण उघडाच होता. मी पुढे केलेला हात मागे घेतला, खण गुडघ्यानं ढकलून बंद केला, आणि काही न बोलता फळ्याकडे वळले. मला राग येत होता, आणि तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं. प्राचार्यांवर, नियमावर, या पोरांवर की माझ्या त्या सत्रभराच्या चिकाटीवर. मी खडूनं इतकं दाबून लिहिलं की तो मोडला. मागणीचा वक्र काढला, दोन अक्षांना नावं दिली, आणि मागे न वळताच, जिभेला वळण पडलेलं म्हणून, विचारलं, "दिसतंय का सगळ्यांना?"

शांतता. अगदी तीच. मी वळून बघितलं. एकोणसाठ चेहरे होते, डोळे होते, भुवया होत्या, आणि एकही हलत नव्हती. सत्रभर मी ज्याचं खापर लॅपटॉपवर फोडलं ते सगळं इथे, चार भिंतींच्या आत, बाकांवर बसलेलं होतं. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी पुन्हा विचारलं, जरा ओरडूनच, "अरे, दिसतंय का?"

डब्याला टेकलेल्या मोबाईलमधून बारीक, खरखरता आवाज आला.

"न्हाई मॅडम. तुमी मदीच हुबं ऱ्हायलाय. जरा बाजूला सरका की."

सगळा वर्ग हसला. मी सरकले.